अनोळखी देशात हॅमॉक टांगण्याआधी

परदेशातल्या पहिल्या भटकंतीला निघताना मी सामानाच्या वजनाचा हिशेब ग्रॅमपर्यंत मांडला होता. मात्र ज्या दोन झाडांच्या मधे हॅमॉक, म्हणजे झोपायची कापडी झोळी, टांगून झोपायचे होते, त्यांची साधी चौकशीही केली नव्हती. परिणामी पहिल्याच संध्याकाळी, आगाऊ पैसे भरून राखून ठेवलेल्या कॅम्पसाइटवर, माझ्या वाट्याला नीट कापलेल्या हिरवळीचा एक चौकोन आला, ज्यावर झाड तर सोडाच, धड झुडूपही नव्हते. शेजारच्या चौकोनाच्या कडेला दोन देखणी झाडे होती, पण झाडांना काहीही बांधू नये अशी सूचना तिथल्या व्यवस्थापकाने नम्रपणे दिली. ती रात्र मी हॅमॉक जमिनीवर अंथरून काढली. तंबूवाल्याला जागा मिळाली की त्याचे काम झाले. हॅमॉकवाल्याला मात्र जागा, झाडे आणि त्या झाडांना पट्टा बांधण्याची मुभा अशा तीन गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्या लागतात, आणि अनोळखी देशात यांतली एकही गृहीत धरता येत नाही.

तेव्हापासून मी कॅम्पसाइटला पत्र लिहिताना "हॅमॉक चालेल का" असे विचारत नाही, कारण या प्रश्नाला बहुतेक जण दुपारी पुस्तक वाचत पडायचा झोका डोळ्यांपुढे आणून आनंदाने होकार देतात. "दोन झाडांना रुंद पट्टे बांधून त्यांवर टांगलेल्या झोळीत रात्रभर झोपता येईल का, आणि माझ्या जागेवर चार ते पाच मीटर अंतरावर तशी झाडे आहेत का" असे सविस्तर विचारले, की उत्तरही नेमके मिळते. प्रवासातली पहिली रात्र मी नेहमी अशाच चौकशी केलेल्या ठिकाणी काढतो. लांबच्या प्रवासाने थकलेल्या माणसाने अंधारात, परक्या रानात, डोक्यावरच्या फांद्या न पाहता हॅमॉक बांधणे मला मुळीच पटत नाही.

मोकळ्या रानात मुक्काम करायचा असेल तर कायदा आधी वाचावा, आणि तो देशाच्या नावावरून ओळखण्याचा प्रयत्न करू नये. नॉर्वेत १९५७ च्या कायद्यानुसार लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, वस्ती असलेल्या घरापासून किमान १५० मीटर दूर राहून, दोन रात्रींपर्यंत परवानगीशिवाय मुक्काम करता येतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने असाच जबाबदार संचाराचा हक्क दिला आहे; तरीही लॉख लोमंड या सरोवराच्या परिसरातल्या काही किनाऱ्यांवर मार्च ते सप्टेंबर या काळात परवाना घ्यावाच लागतो. सीमेपलीकडे इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी हाच सर्वसाधारण नियम आहे. नैऋत्य इंग्लंडमधला डार्टमूर हा त्यातला प्रसिद्ध अपवाद, आणि २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथे परवानगीशिवाय मुक्काम करण्याचा हक्क कायमही केला. पण डार्टमूर म्हणजे मुख्यतः उघडा माळ असल्याने हॅमॉकवाल्याला त्या निकालाचा आनंद दुरूनच घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या अनेक उद्यानांमध्ये मुक्कामाचा परवाना वेगळा आणि झाडाला पट्टा बांधण्याचा नियम वेगळा असतो, त्यामुळे पहिला हातात आला म्हणजे दुसरा सुटला असे समजू नये.

आता झाडांविषयी. हॅमॉकमध्ये झोपणाऱ्याला खरा धोका झोळी फाटण्याचा नसून झाड किंवा फांदी अंगावर येण्याचा असतो. ओळखीच्या रानात कोणते झाड वाळले आहे हे नजरेला सवयीने कळते. परक्या रानात, विशेषतः पानगळीनंतर, सगळीच झाडे सारखी दिसतात. म्हणून मी आधी पिशवी खाली ठेवून मान वर करतो आणि जागेभोवती पूर्ण फेरी मारतो. साल सुटून पडलेली आहे का, खोडावर कडक अळंबी उगवली आहेत का, बुंध्याजवळची माती उचलली गेली आहे का, वर अडकलेली तुटकी फांदी आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. युरोपात बुरशीजन्य रोगाने ॲशची झाडे मोठ्या प्रमाणावर मरत आहेत आणि रोगट ॲशचे लाकूड अतिशय ठिसूळ होते, तर मध्य युरोपातल्या स्प्रूसच्या जंगलांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे वाळून उभे राहिलेले वृक्ष जागोजागी दिसतात. ऑस्ट्रेलियात नदीकाठचे भव्य निलगिरी वृक्ष वाऱ्याशिवायही अचानक मोठी फांदी टाकू शकतात. नारळाच्या दोन झाडांमधला हॅमॉक चित्रात शोभतो. प्रत्यक्षात वर नारळ लटकत असतील तर तिथे झोपू नये.

काही झाडे उभी भक्कम असतात, पण त्यांना हात लावणेच घातक असते. कॅरिबियन किनाऱ्यांवरच्या मँचिनील वृक्षाचा चीक त्वचेवर फोड आणतो, आणि पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी पानांवरून ओघळणाऱ्या पाण्याने तेच होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनातल्या जिम्पी-जिम्पी या झुडपाच्या पानांवरच्या सूक्ष्म केसांचा दाह फार काळ टिकू शकतो. उत्तर अमेरिकेत पॉइझन आयव्हीची वेल झाडाच्या खोडावर केसाळ दोरासारखी चढलेली असते आणि हिवाळ्यात पाने नसतानाही ती तितकीच त्रासदायक असते. अशा खोडाभोवती पट्टा गुंडाळला तर ते विष पट्ट्याबरोबर पिशवीत येते. युरोपातल्या ओकवर ओळीने चालणारे सुरवंट दिसले, तर त्यांच्या केसांमुळे अंगावर पुरळ येते आणि श्वासालाही त्रास होऊ शकतो, हे लक्षात ठेवून झाड बदलावे. नव्या प्रदेशात जाण्यापूर्वी तिथल्या अशा तीन-चार वनस्पतींची छायाचित्रे फोनमध्ये साठवून ठेवणे हा माझ्या मते सगळ्या तयारीतला सर्वांत उपयोगी अर्धा तास आहे.

बांधण्याच्या पद्धतीत देशागणिक काही बदलत नाही, पण चूक करण्याचा मोह परक्या ठिकाणी अधिक होतो, कारण झाडे हवी तशी मिळत नाहीत आणि आपण ती ओढूनताणून वापरतो. पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करील इतका सैल असावा. ८० किलो वजनाच्या माणसामुळे या कोनात प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ८० किलोंचाच ताण येतो; तोच पट्टा ताणून कोन १० अंशांवर आणला तर ताण २३० किलोंपर्यंत जातो आणि तो सगळा झाडाला, पट्ट्याला व आपल्या पाठीला सोसावा लागतो. सैल झोळीत तिरपे झोपले म्हणजे पाठ जवळजवळ सपाट राहते, ही गोष्ट पहिल्यांदा अनुभवल्यावरच पटते. बसल्यावर झोळी जमिनीपासून खुर्चीइतक्या, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीवर यावी. त्याहून उंच बांधण्याने केवळ पडण्याची उंची वाढते. खोड निदान १५ सेंटिमीटर जाड असावे. पट्टे पॉलिएस्टरचे घ्यावेत, कारण नायलॉन ओले झाले की ताणते आणि मध्यरात्री पाठ जमिनीला टेकते. विटांचे खांब हे झाडाला पर्याय नव्हेत, कारण ते वरून येणारा भार पेलायला बांधलेले असतात, बाजूने येणारी ओढ सोसायला नव्हे.

थंडीचा अंदाज परक्या हवेत हमखास चुकतो. झोपण्याच्या पिशवीचा जो भाग अंगाखाली दबतो तो ऊब धरत नाही आणि खालून वारा मोकळा फिरत असतो, त्यामुळे २० अंश सेल्सिअसच्या रात्रीदेखील पाठ गारठते. झोळीच्या बाहेरून, पाठीखाली टांगायचे अंडरक्विल्ट, म्हणजे उबदार दुलई, हा यावरचा उत्तम उपाय आहे. पण प्रवासात मी त्याच्या जोडीला घडीची पातळ फोम मॅटही नेतो, कारण झाडे मिळाली नाहीत तर जमिनीवर तीच कामी येते. उष्ण प्रदेशात प्रश्न थंडीचा नसून डासांचा असतो, आणि ते पातळ कापडातून पाठीला खालूनही चावतात, हे जाळी लावून निर्धास्त झालेल्यांना सकाळी समजते. तिथे दुहेरी तळाची झोळी घ्यावी.

प्राण्यांबाबत स्थानिक सूचना अक्षरशः पाळाव्यात. उत्तर ऑस्ट्रेलियात मगरींमुळे पाण्याच्या काठापासून किमान ५० मीटर दूर मुक्काम करण्याचा सल्ला दिला जातो, आणि नदीकाठची झाडे कितीही सोयीची दिसली तरी त्यात सूट घेऊ नये. अस्वलांच्या प्रदेशात अन्न, टूथपेस्टदेखील, हॅमॉकमध्ये ठेवू नये. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानाच्या रानात रात्री राहायचे तर अन्नासाठी अस्वलाला न उघडणारा डबा बाळगणे सक्तीचे आहे. शिकारीच्या हंगामात टार्पवर, म्हणजे झोळीवर ताणलेल्या पाणीरोधक छतावर, भडक रंगाचे कापड बांधावे, कारण झाडीत मिसळून जाणारा हिरवा टार्प त्या दिवसांत मुळीच हिताचा नसतो.

सामानाविषयी थोडेच सांगतो. गॅसची डबी विमानात कुठल्याही बॅगेत नेता येत नाही, म्हणून ती पोहोचल्यावर विकत घ्यावी लागते, आणि तिथे मिळणारी डबी आपल्या स्टोव्हला बसते का हे आधीच पाहून ठेवावे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये वापरलेले कॅम्पिंगचे साहित्य उतरताच जाहीर करावे लागते. खुंट्यांना चिकटलेली माती आणि पट्ट्यांत अडकलेल्या बिया निघण्यापूर्वी धुऊन टाकल्या, तर तपासणी चटकन उरकते.

झाडे उगवत नाहीत अशा उंचीवर किंवा वाळवंटी प्रदेशात जमिनीवर झोपायची वेळ येणारच, तेव्हा टार्प दोन चालकाठ्यांवर उभारण्याचा सराव घरीच करून ठेवावा. हॅमॉकमध्ये रात्र काढली असेल तर सकाळी मी आधी पट्टे सोडतो आणि मग चहा ठेवतो, कारण तेवढ्या वेळात खोडाची साल निरखता येते. बीच आणि बर्च यांची साल पातळ असल्याने अरुंद पट्ट्याचा वळ लगेच दिसतो. तसा वळ दिसला तर पुढच्या रात्रीसाठी ५ सेंटिमीटर रुंदीचे पट्टे काढतो आणि झाडही बदलतो.