तुम्ही विचारलंत म्हणून: ती टोकदार, भडक गिटार कोकणात टिकेल का?

पाऊस तोंडावर आला की हा प्रश्न हटकून येतो, तोही फोटोसकट. फोटोत भडक गुलाबी नाहीतर पोपटी बॉडी, टोकदार हेडस्टॉक (मानेचं वरचं टोक), काळा फ्लॉइड रोझ ब्रिज (तारा धरणारा, दांड्याने हलवता येणारा भाग) आणि खाली ‘दादा, घेऊ का? आपल्या हवेत टिकेल ना?’ विचारणारा कधी मालवणचा, कधी गुहागरचा, कधी अलिबागचा. गिटार टिकेल हो. ब्रिज टिकेल का ते बघा, आणि मुळात तो तुम्हाला हवाय का, तेही ठरवा.

ऐंशीच्या दशकातला हा थाट परत आलाय. आयबनेझ कंपनीने १९८७ ची आरजी ५५० गिटार पुन्हा २०१८ मध्ये काढली. जॅक्सन, शारवेल, क्रेमर यांचीही जुनी रूपं नव्याने मिळतात. दिसायला तीच, पण नव्यांपैकी काहींत दोन गोष्टी आपल्या किनाऱ्याच्या कामाच्या आहेत. एक, भाजलेल्या मेपलची मान. भट्टीतून निघालेलं लाकूड हवेतलं पाणी कमी ओढतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर मान कमी हलते. दुसरी, स्टेनलेस फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. साधे फ्रेट निकेल-सिल्व्हरचे, म्हणजे बहुतांश तांब्याचे. खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट थर धरतो. या दोन गोष्टींसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या. रंगासाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता ब्रिज. फ्लॉइड रोझ बॉडीत घट्ट बसवलेला नसतो. त्याच्या प्लेटच्या पुढच्या दोन धारदार कडा दोन स्टडच्या (बॉडीत रोवलेल्या जाड स्क्रूंच्या) खाचेत नुसत्या टेकलेल्या असतात. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा. आर्म, म्हणजे ब्रिजचा दांडा, दाबून सोडला की ब्रिज नेमका जागेवर येतो, तो या कडांच्या जिवावर. मुलामा सगळ्यात आधी इथेच घासतो. उघड्या पडलेल्या पोलादाला खारा ओलावा लागला की कडेवर गंजाचे बारीक दाणे येतात, आणि मग आर्म सोडल्यावर सूर कधी किंचित चढा राहतो, कधी उतरलेला. लोक तारा बदलतात, ट्युनिंगच्या खुंट्या बदलतात. दोष त्या कडेत असतो.

दुकानात हे तपासायला वेळ लागत नाही. ट्यूनर लावा, आर्म पूर्ण दाबून सोडा, काटा बघा. मग आर्म वर ओढून सोडा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी यायला हवा. ब्रिजवर ‘स्पेशल’ लिहिलं असेल तर त्याचे सॅडल (एकेक तार धरणारे तुकडे) आणि खालचा ब्लॉक (स्प्रिंगा अडकवायचा ठोकळा) झिंकच्या मिश्रधातूचे असतात. झिंकवर तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. शिवाय तार आवळणारा स्क्रू जोर लावून पिळला की आटे जातात. ओरिजिनल आणि १००० या मालिकांचे सॅडल पोलादी आणि ब्लॉक पितळी, त्या घ्या. वाजवून झाल्यावर सुक्या सुती कापडाने पुसा. महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब स्क्रूंवर आणि स्टडच्या खाचेत व्हॅसलीनचा ठिपका, बस्स. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल लावू नका. थंडीत थिजतं, एरवी धूळ धरून चिकटा होतो.

आपल्याकडे पावसाळ्यात तारा लवकर मरतात, म्हणून कोटिंगवाल्या घ्या. बदलताना एका वेळी एकच. सगळ्या एकदम काढल्यात तर स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचून घेतात आणि समतोल पुन्हा पहिल्यापासून साधावा लागतो. तारेचं गोल टोक कापून सॅडलमध्ये धरा, ३ मिमीच्या ॲलन कीने आवळा. ९-४२ च्या (बारीक तारांच्या) संचाला बहुधा तीन स्प्रिंगा पुरतात, १०-४६ ला (जरा जाड तारांना) चार लागू शकतात. सहाही तारा सुरात आल्यावर प्लेट बाजूने बघा, ती बॉडीला समांतर हवी. मागून उचललेली दिसली तर मागच्या पोकळीतले क्लॉचे (स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू पाव फेरा आवळा, मागे आत बसली असेल तर पाव फेरा सैल करा. पुन्हा सूर लावा, पुन्हा बघा. अशा तीन-चार फेऱ्या होतातच, वैतागू नका. शेवटी फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे बारीक सूर लावायचे स्क्रू) मधोमध आणून मगच नट (हेडस्टॉकपाशी तारा आवळून धरणारी पट्टी) आवळा. जुलैत तारा अचानक खरखरायला लागल्या तर ब्रिजच्या उंचीला हात लावण्याआधी मान मोजा: पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), मान बॉडीला मिळते तिथे तार दाबायची, तार आणि आठवा फ्रेट यांच्यात जेमतेम ०.२ मिमी फट हवी.

पण माझ्या मते आपल्याकडे खरी पंचाईत हवेची नाही, पट्टीची आहे. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गायक ऐन वेळी म्हणतो, ‘अर्धा सूर खाली घ्या.’ साध्या ब्रिजवर हे मिनिटाचं काम. इथे आधी नट सोडा, मग एक तार उतरवली की बाकीच्या चढतात, कारण तारांची ओढ कमी झाली की स्प्रिंगा जिंकतात. तार तुटली तरी तेच: उरलेल्या पाचही बेसूर, आणि गाणं अजून दोन अंतरे बाकी.

यावर उपाय स्वस्त आहे. ब्रिज समांतर असताना, मागच्या पोकळीत ब्लॉक आणि स्प्रिंगांच्या बाजूची भिंत यांच्यातलं अंतर मोजा आणि तेवढ्या जाडीचा सागवानाचा तुकडा सुताराकडून तासून घ्या. तो तिथे बसवा आणि ब्लॉक त्याला टेकून राहील इतक्या स्प्रिंगा आवळा. आता आर्म फक्त खाली जाईल, वर नाही, पण तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतील आणि एकेक तार हवी तशी उतरवता येईल. वर ओढायची हौस दहातल्या नऊ जणांना नसतेच. ज्यांना आर्मच नको, त्यांनी याच थाटाची फिक्स्ड ब्रिजवाली घ्यावी. लाजायचं काही कारण नाही.

आकाराचं थोडक्यात. सतरंजीवर मांडी घालून वाजवायचं असेल तर व्ही आकार विसरा, मांडीवर ठरत नाही. नेहमीच्या स्टँडवर नीट उभा राहत नाही आणि साध्या बॅगेत मावत नाही. एसटीच्या रॅकवर पहिलं टोक मोडतं ते हेडस्टॉकचं, म्हणून हार्ड केस घ्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दोन दिवसांआड केस उघडून हवा द्या, नाहीतर अस्तराला बुरशी धरते. निऑन रंगाची असेल तर पडवीत उन्हात टांगू नका. हे रंग उन्हाने उडतात, आणि उडालेला निऑन गुलाबी फार केविलवाणा दिसतो.