एका मेलमधे दोन टर्न डाउन

वाळूज एमआयडीसीत एका छोट्या सीएनसी शॉपमधे, म्हणजे कॉम्प्युटरवाल्या मशीनवर धातूचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, मी कामाला आहे. बाहेरच्या पार्टीचे मेल बघते कारण बीए इंग्लिश केलंय, आणि क्यूसी, म्हणजे माल मापात आहे का ते तपासणं, पण बघते कारण मायक्रोमीटर नीट धरता येतो, पगार मात्र एकाच कामाचा. असो.

इंग्लंडची एक पंपवाली पार्टी आहे, त्यांचे शाफ्ट आमच्याकडे बनतात. बेअरिंग बसते ती सीट 40 एमएमची होती कारण ड्रॉइंगवर 6208 बेअरिंग होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, शेवटच्या दोन आकड्यांना (04 पासून पुढं) पाचनं गुणायचं, 08 म्हणजे 40 चं बोअर, म्हणजे मधलं भोक, 07 म्हणजे 35 चं. तर पूर्ण लॉट ग्राइंडिंग होऊन तयार, फक्त पॅकिंग राहिलेलं, आणि पार्टीचं नवं ड्रॉइंग आलं, त्यात 6207. शेठनी माझ्याकडून मेल लिहून घेतला की एवढा लॉट जुन्याच साइजचा घ्या, पाहिजे तर रेटमधे थोडं कमी करू.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधी उत्तर शेठच्या मोबाइलवर येऊन पडलेलं. मार्चएंडची गडबड चालू होती, मी ऑफिसात शिरले तर सगळे मयतीला बसल्यासारखे. मेलमधे दोनच ओळी होत्या. पहिली, वी हॅव टु टर्न डाउन युवर रिक्वेस्ट. दुसरी, प्लीज टर्न डाउन द बेअरिंग सीट्स टु 35 के6 अँड शिप बाय फ्रायडे.

शेठ म्हणे, दोन दोनदा टर्न डाउन म्हणायलेत, लई चिडलेत ते, लॉट गेला आपला. त्यांना टर्न डाउन म्हणलं की आधी मंदीच आठवते, 2019 ला गाड्यांचा धंदा बसला तेव्हा वाळूजमधे रोज कोणी ना कोणी डाउनटर्न डाउनटर्न करत होतं, शब्द उलटा झाला तरी धसका तोच. आणि अकाउंटच्या पोरानं तर कळसच केला, 35 के म्हणजे पस्तीस हजार, डेबिट नोट लावलीय, म्हणजे आपल्या पैशातून कापणार, असं त्यानं शेठला सांगून टाकलेलं, पुढचा 6 त्याच्या मते टायपिंग मिस्टेक. भंगारवाल्याला रेट विचारून पण झाला होता, टेम्पो निघालाय म्हणे.

मी मेल वाचला आणि काही बोलणार तेवढ्यात लेथवरचे मामा आत आले. मामा गंगापूरकडचे, जुने आयटीआयवाले, इंग्रजी पेपर वाचत नाहीत पण ड्रॉइंग वाचतात. त्यांनी प्रिंट हातात घेतली, पहिली ओळ सोडूनच दिली, दुसरीवर बोट ठेवलं अन् म्हणले, "शेठ, भंगारात कामून घालायलेत? डाया उतरवा म्हणायलेत ते. चाळीसचा पस्तीस करा."

बरोबरच होतं. लेथवर टर्न डाउन म्हणजे मटेरियल काढून डाया, म्हणजे व्यास, कमी करणे, आणि के6 म्हणजे टॉलरन्स, मापात किती फरक चालतो ते, 35 ला प्लस दोन ते प्लस अठरा मायक्रॉन. शेठला पटेना, म्हणे एकाच मेलमधे एकच शब्द दोन अर्थानं कोण लिहितं? मी म्हणलं इंग्रजीवाले लिहितात की, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मग मी व्हाइटबोर्डवर थोडी मास्तरकीच केली. टर्न डाउनच्या पुढं काय येतंय ते बघायचं. रिक्वेस्ट, ऑफर, लोन, नोकरी असलं काही आलं तर नकार. माणूस आला तरी नकारच, मुलीनं स्थळ नाकारलं तर शी टर्न्ड हिम डाउन. आवाज, गॅस, एसी आला तर कमी करणे, नाही म्हणणे नाही. कॉलर किंवा पांघरूण आलं तर दुमडणे, म्हणून मोठ्या हॉटेलात संध्याकाळी बेड नीट करून जातात त्याला टर्नडाउन सर्व्हिस म्हणतात (शेठ एकदा मुंबईला असल्या हॉटेलात उतरले होते, सर्व्हिस टर्नडाउन केली म्हणजे बंद केली असं समजून रिसेप्शनवर भांडून आले होते, हे त्यांनीच तेव्हा सांगितलं). आणि धातूचा पार्ट आला अन् त्याच्यामागं टु लावून माप आलं की मग लेथ. त्या टु 35 वरच सगळं होतं. नकार द्यायचा असता तर मापापर्यंत कशाला देतील?

अजून एक, इट किंवा देम वापरायचं असेल तर ते मधेच बसतं, टर्न देम डाउन, टर्न डाउन देम होत नाही. अकाउंटच्या पोरानं हे मात्र वहीत लिहून घेतलं, त्याची स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे.

तरी शेठ म्हणे फोन कर, विचारून घे, मग मशीनला हात लावा. तिकडं नऊ वाजायचे म्हणजे आपल्याकडं अडीच, मार्चच्या शेवटी त्यांची घड्याळं पुढं जातात तोवर साडेपाच तासाचा फरक असतो. तोपर्यंत टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर सारखा हॉर्न मारायलाय. मामा जेवून आले अन् मला म्हणले, ताई, फोनवर अजून एक विचारा, 6208 ची रुंदी 18 असती, 6207 ची 17, मग सीटची लांबी किती ठेवायची? हे माझ्या डोक्यात आलंच नसतं, खरं सांगते.

अडीचला फोन लागला. समोरच्या बाईला आधी कळेचना की यात शंका काय आहे, मी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या तेव्हा ती हसत सुटली. हो, पहिलं नो आणि दुसरं मशिनिंग. लांबीचं विचारल्यावर मात्र हसणं थांबलं, इंजिनिअरला विचारते म्हणून होल्डवर ठेवलं, आणि मग उत्तर आलं की 18 पूर्ण उतरवा, एक एमएमची स्पेसर रिंग आम्ही टाकू. हे मेलवर पण लिहून द्या असं मी लगेच सांगितलं, फोनवरच्या बोलण्याला क्यूसीत काही किंमत नसते.

मेल आल्या आल्या मामांनी पहिला जॉब चढवला, 35.3 ला उतरवला, बाकी ग्राइंडिंगला सोडलं. टेम्पोवाला चिडला होता, रिकाम्या हाती जाणार नाही म्हणे, मग त्याला मागं साठलेल्या चिप्सचा, म्हणजे मशीनवर निघालेल्या धातूच्या किसाचा, ढीग दिला.

लॉट शुक्रवारी गेला. शेठनी रिवर्कचं बिल लावायला सांगितलं, मी रक्कम पूर्ण आकड्यात लिहिली, के न लावता.