पाच टिचक्या, एक बास: ३/० हुकचा पंचनामा

काल सकाळी गळाने बास मासे धरताना दोन तासांत पाच टिचक्या (माशाने आमिषाला तोंड लावल्याचे हलके धक्के) आल्या आणि हाताला लागला एकच मासा. वेटलेस टेक्सास रिग (वजन न लावता, हुकचं टोक मऊ प्लास्टिकच्या आमिषात लपवायची पद्धत) जमली, असं मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं. त्यातला फॉल, म्हणजे आमिषाचं पाण्यात खाली जाणं, जमला आहे, पण मासा टोचणं अजून जमलेलं नाही.

आधी जमलेलं सांगतो, कारण त्यासाठी महिनाभर झटलोय. पाच इंची स्टिक (काडीसारखं प्लास्टिकचं आमिष) आता गिरक्या न घेता येते. नाकातून हुक ओवून वळवला की तो स्टिकच्या शेजारी लोंबता धरायचा, वाक जिथे टेकतो तिथे नखाने खूण करायची आणि टोक नेमकं त्या खुणेतून घालायचं. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी स्टिक कमानीसारखी वाकते, ओढताना फिरते आणि लाईनला पीळ बसतो. काल शेवटी लाईन सैल सोडून पाहिली, तर एकही वेटोळं पडलं नाही. काठाजवळ पाणी नितळ होतं. स्टिक आडवी राहून दोन्ही टोकं थरथरवत खाली जाताना दिसली आणि मी रिट्रीव्ह (आमिष परत ओढून घेणं) विसरून तेच बघत राहिलो.

आता दुखणं. चारही वेळा क्रम तोच होता. टिचकी, लाईन बाजूला सरकली, हुकसेट (हुक रुतवायला रॉडने दिलेला झटका), क्षणभर वजन, आणि मग नुसती सैल दोरी. आमिष परत आलं की त्याचं नाक हुकच्या मानेवरून घसरून वाकात गोळा झालेलं असायचं. दोनदा तर टोक प्लास्टिकच्या बाहेर निघालंच नव्हतं.

पहिला संशय धारेवर होता. टोक नखावर टेकवलं तर लगेच रुतलं, म्हणजे धार ठीक. मग घरी जाड हातमोजा घालून प्रयोग केला. लावलेल्या स्टिकभोवती ओल्या फडक्याची घडी दाबून धरली आणि लाईन झटक्याने ओढली. दहापैकी सहा वेळा टोक आतच अडकलं. कारण मोजल्यावर कळलं. हुक बसताना प्लास्टिकला दबून बाजूला सरकायला जागा लागते, आणि या स्टिकची जाडी वजा केली की माझ्या ३/० वाइड गॅप हुकच्या टोक आणि दांडीमधल्या जागेत जेमतेम तीन मिलिमीटर उरतात. एक माप मोठा ४/० लावून तेच केलं, तर दहात एकदाच अडकलं. शिवाय मी टोक मधल्या गरात पुरून ठेवत होतो. ते आरपार काढून पाठीवरच्या सालीत हलकंच खुपसलं की गवतातही अडकत नाही आणि सुटतंही पटकन.

नाक घसरण्याला मीठ जबाबदार आहे. मिठामुळेच ही स्टिक वजनाशिवाय बुडते, पण मीठ भरलेलं प्लास्टिक चिवट राहत नाही, चार कास्टमध्ये (फेकींत) नाकाचं भोक सैल होतं. हुकच्या मानेवर सुपरग्लूचा एक थेंब हा मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय. नाकात स्प्रिंग फिरवायचे हुक वापरून पाहिले, पण माझ्याकडचे जाड तारेचे आहेत आणि त्यांना माझ्या मीडियम रॉडपेक्षा जास्त जोर लागतो.

इथवर लिहून ४/० ची पाकिटं काढून ठेवली, आणि मग एक गोष्ट डोक्यात आली. मिळालेला तो एक बास सगळ्यांत जवळच्या कास्टवरचा होता. सुटलेले चारही लांबचे, आडव्या वाऱ्यातले. माझ्या रीळवर ब्रेड (विणलेली लाईन) आहे आणि पुढे फ्लोरोचा लीडर (हुककडचा फ्लोरोकार्बन लाईनचा तुकडा). ब्रेडच्या पॉलिथिलीनची घनता ०.९७, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो आणि वारा त्याला ओढून मोठी झोळ पाडतो. मी रॉड मागे खेचली तेव्हा बहुधा ती झोळच सरळ झाली, हुकपर्यंत जोर पोचलाच नाही. बास पाण्यासकट आमिष तोंडात ओढतो आणि खटकलं तर तितक्याच झटकन थुंकतो. तेवढा वेळ त्याला मीच देत होतो.

नाकाशी छोटी टंगस्टन बुलेट (गोळीच्या आकाराचं वजन) लावून लाईन ताठ ठेवता येईल. टंगस्टन शिशापेक्षा कितीतरी घन, म्हणून तेवढ्याच वजनाला लहान, आणि दगडाला लागलेलं हाताला स्पष्ट कळतं. टेक्सास रिगला शिसं वापरणं मी केव्हाच सोडलंय. पण वजन आलं की स्टिक नाकावर पडते आणि ते आडवं थरथरणं जातं. त्यासाठी तर एवढा खटाटोप केला, म्हणून बुलेट नको.

त्यामुळे बेत बदलला. दुसऱ्या स्पूलवर पूर्ण फ्लोरो भरतोय. त्याची घनता १.७८, तो बुडतो, झोळ कमी पडेल. पुढच्या फेरीत पहिला तास ३/० च ठेवणार. टिचकी आली की रॉडचं टोक खाली, सैल दोरी रीळवर गुंडाळायची आणि वजन लागताच खेच. त्यानंतरच्या तासात बाकी सगळं तेच ठेवून ४/०. दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा होता ते कळणार नाही.

एका विक्रेत्याकडून आलेलं स्टिकचं पाकीट दुमडून वाकडं झालेलं निघालं. वाकड्या स्टिकवर चाचणी करण्यात अर्थ नाही, म्हणून आठही काही सेकंद कढत पाण्यात सरळ धरून लगेच गार पाण्यात टाकल्या. सात सरळ झाल्या आहेत, आठवी पुन्हा पाण्यात आहे.