तुम्ही विचारलंत म्हणून: किट कुठलं?

प्रशिक्षणाला गेले की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारतंच, "बाई, तुमच्याकडे स्टेम चांगलं चालतं म्हणे. किट कुठलं घेतलंत?" स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकणं. किट आहे. देणगीत आलेली पेटी. सुटे भाग हरवतील म्हणून पहिलं वर्षभर तिला कुलूप मीच लावलं होतं.

आमची शाळा भोर तालुक्यातली, चौथीपर्यंतची, दोनशिक्षकी. सुरुवात पावसानं झाली. बाटली कापून पर्जन्यमापक करणं काही नवं नाही. परिसर अभ्यास शिकवणारे सगळेच एकदा करतात आणि आठवड्यात विसरतात. आम्ही एवढंच ठरवलं, की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोजचा आकडा भिंतीवर चढलाच पाहिजे. हवामान खातं सकाळी 8.30 ला मोजतं, आम्ही शाळा भरल्यावर 10.30 ला.

जुलैत तिसरीतल्या एकीनं विचारलं, "बाई, बादलीत जास्त पाऊस पडतो का?" उत्तर ओठावर आलं होतं, गिळलं. पटांगणात लहान-मोठे दोन सरळ डबे, एक बादली आणि लोणच्याची बरणी ठेवली. दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवली. दोन्ही डब्यांत 23 मिलिमीटर. बादलीत जास्त, बरणीत कमी! मग अर्धा तास नुसता गोंधळ. शेवटी तीच पोरगी बादलीशी उकिडवी बसून वितीनं मोजत म्हणाली, "हिचं तोंड मोठं न् बूड बारकं."

1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. चौथीच्या मुलांनी छप्पर मोजायला घेतलं. उतरत्या कौलांचं माप घ्यायचं नसतं. वळचणीपासून वळचणीपर्यंत जमिनीवर टेप धरायचा. हे मलाही त्याच दिवशी नीट कळलं. 10 गुणिले 6, म्हणजे 60 चौरस मीटर. 23 मिलिमीटरचे 1380 लिटर. आमची टाकी 500 ची. "एवढं सगळं वाया जातं?" इथून पन्हळ आली.

पहिली पन्हळ, उभा चिरलेला पाइप, उलट्या उतारानं बसली आणि सगळं पाणी वर्गाच्या दारात. एका मुलाचे वडील गवंडी. ते पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आले आणि दोन टोकांची पातळी कशी जुळवायची ते दाखवलं. शाळेत बोलावलं म्हणून ते आधी घाबरले होते, पोरानं काय केलं म्हणून. त्या नळीपुढे माझी पेटी फिकी. (तिचं कुलूप नंतर काढलं. भाग हरवले, तीन-चार.)

त्याच आठवड्यात साहेब तपासणीला आले. वेळापत्रक बघून म्हणाले, "हा तास तर मराठीचा आहे." मराठीचाच होता. मुलं गवंडीकाकांना आभाराचं पत्र लिहीत होती.