डेट कमांडने तारीख सांगितली नाही तेव्हा

महिनाअखेरचं अपग्रेड होतं, म्हणून अंधेरीच्या ऑफिसात रात्री थांबलो होतो. टीममधल्या नव्या मुलाने अपग्रेडच्या आधी आणि नंतर असा दोनदा बॅकअप घेतला, पण फोल्डरमध्ये फाइल एकच. नावही अर्धवट: ‘बॅकअप-’, पुढे तारीख-वेळ काहीच नाही. म्हणजे दुसरा बॅकअप पहिल्यावरच लिहिला गेला होता.

“दादा, हीच स्क्रिप्ट क्रॉनमधून रोज नीट चालते,” तो म्हणाला. ते खरंच होतं; क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम. फाइलच्या नावातली तारीख-वेळ स्क्रिप्ट ‘डेट’ कमांडकडून घ्यायची.

मी त्याला नुसतं ‘डेट’ टाइप करायला सांगितलं. तारखेऐवजी चालू फोल्डरची साइज आली! मग ‘टाइप -ए डेट’ दिलं, म्हणजे या नावाने काय काय आहे ते विचारलं. सगळ्यात वर लिहिलेलं, डेट हे फंक्शन आहे, म्हणजे कोणीतरी स्वतः लिहून नाव दिलेली कमांड. खऱ्या कमांडचा पत्ता त्याच्याखाली.

टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे बॅश. त्याच्या बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलीत मुलाने ठेवलेला जुना एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, होता: डी म्हणजे डेट. संध्याकाळी डिस्क तपासताना त्याने त्याच टर्मिनलमध्ये डी नावाचं फंक्शन लिहिलं; पुढे दिलेल्या नावाची, नाहीतर चालू फोल्डरची साइज सांगणारी ‘डीयू -एसएच’ ते चालवायचं. पण बॅश ओळ वाचतानाच एलियसच्या जागी त्याचा मजकूर घालते, अर्थ नंतर लावते. त्याने लिहिलं डी आणि कंस, बॅशने वाचलं डेट आणि कंस. फंक्शन बनलं ते डेटच्या नावाने. डी टाइप केलं की एलियस त्याचं डेट करणार, आणि डेट म्हणजे आता तेच फंक्शन. त्यामुळे डी अगदी हवं तसं चालत होतं, संशय यायला जागाच नव्हती. एलियस दोन शब्दांचा असता, उदाहरणार्थ ‘एलएस -एल’, तर तिथल्या तिथे सिंटॅक्स एरर आली असती. एकशब्दी एलियस गुपचूप निसटतो, म्हणून मला तो जास्त धोक्याचा वाटतो.

क्रॉनची स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, तिथे हे फंक्शन पोचतच नाही. त्या रात्री मात्र त्याने स्क्रिप्ट सोर्स केली होती, म्हणजे ती त्याच बिघडलेल्या टर्मिनलमध्ये चालली. तारखेचा नमुना फाइलचं नाव समजून डीयूने केलेली ‘अशी फाइल नाही’ ही तक्रार इतर ओळींच्या गर्दीत वर सरकून गेली होती.

‘फंक्शन’ हा शब्द आधी लिहून डी बनवलं असतं तर डेट बिघडली नसती. पण हाक मारताना एलियसचाच मान पहिला, म्हणून डी तारीखच दाखवत राहिली असती. तेव्हा फंक्शन पुसायला ‘अनसेट -एफ डेट’ आणि एलियस काढायला ‘अनएलियस डी’ दोन्ही केलं. अपग्रेड नीट झालं होतं, आदल्या रात्रीचा क्रॉनचा बॅकअपही शाबूत होता. मुलाने तिथेच बसून बॅशआरसीतले एकाक्षरी एलियस एकेक करून काढले आणि त्यांच्या जागी फंक्शन्स लिहिली.