तुम्ही विचारलंत म्हणून: आपली सोय दुसऱ्याच्या फोनवर

मोबाइल ॲप बनवण्याच्या कामात असल्यामुळे मला हा प्रश्न हटकून येतो, बहुतेक वेळा कुणी नवा फोन घ्यायला निघालं की. ‘या कंपन्या आपली खास फीचर्स दुसऱ्यांच्या फोनवर का देत नाहीत? द्यायला नकोत का?’

पूर्वी मी डोळे मिटून ‘द्यायलाच हवीत’ म्हणायचो. आता तसं म्हणत नाही. एखाद्या कंपनीने वर्षानुवर्षं खपून कॅमेऱ्याची एखादी करामत साधली, तर ती तिने लगेच सगळ्यांच्या पानात का वाढावी? शिवाय अशी फीचर्स बरेचदा त्याच फोनच्या चिपवर बेतलेली असतात. दुसरीकडे नेली की लंगडतात आणि शिव्या मूळ कंपनीला बसतात. बरं, नेली म्हणजे कुणाला हवी असतातच असंही नाही. ॲपलने 2007 मध्ये सफारी ब्राउझर विंडोजवर आणला आणि 2012 मध्ये गुपचूप बंद केला. कुणी हळहळल्याचं आठवत नाही.

पण मेसेज, कॉल, दोघांनी मिळून लिहायची यादी यांचं तसं नाही. ही सोय एका माणसाची नसतेच मुळी. ती एकाच्या फोनवर आहे आणि दुसऱ्याच्या नाही, म्हणजे तिने दोघांचीही अडवणूक केली.

कंपन्यांना हे कळत नाही असं समजू नका. एपिक ही गेम बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात, 2021 मध्ये, ॲपलचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. आयमेसेज हे ॲपलचं मेसेजचं ॲप अँड्रॉइडवर द्यावं का, यावर 2013 मध्ये चर्चा झाली होती. ॲपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगी यांचं म्हणणं असं, की दिलं तर आयफोनवाल्या घरांत मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देण्यातला अडसर तेवढा दूर होईल. अडसर! अँड्रॉइडवर ते चालवता येईल का, हा मुद्दाच नव्हता. धंद्याच्या दृष्टीने हिशेब चोख आहे, हे मान्य करावंच लागेल. मला तो आवडत नाही, एवढंच.

आणि हाच हिशेब मीही एकदा करून बसलोय. आमच्या टीमचं घरखर्चाचं ॲप होतं. दोघांनी मिळून खर्च लिहायची सोय आम्ही फक्त एकाच सिस्टिमवर दिली. मीटिंगमध्ये मीच म्हणालो होतो, ‘दुसरीकडचे झक मारत इकडे येतील.’ काही महिन्यांनी एका जोडप्याची तक्रार आली, सोबत वहीच्या पानाचा फोटो. तिच्या फोनवर ती सोय नव्हती, म्हणून ती खर्च वहीत लिहून पानाचा फोटो नवऱ्याला पाठवायची आणि तो रात्री बसून ॲपमध्ये भरायचा. समासात त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दूध दोनदा धरलंयस.’

कुंपण फायद्याचं ठरतं ते आत गर्दी असेपर्यंत. ब्लॅकबेरी फोनचं बीबीएम हे मेसेजचं ॲप 2005 मध्ये आलं, तेव्हा त्याच्यासाठी लोक फोन घ्यायचे. अँड्रॉइड आणि आयफोनवर ते आलं ऑक्टोबर 2013 मध्ये, तोवर मंडळी व्हॉट्सॲपवर स्थिरावली होती. मे 2019 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी ते बंदच झालं. उलट ॲपलचा आयपॉड, म्हणजे गाणी ऐकायचा खिशातला प्लेअर, पाहा. 2001 मध्ये तो फक्त ॲपलच्याच मॅक कॉम्प्युटरसाठी होता आणि विंडोजवाल्यांना तो द्यायला ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांचा आधी विरोधच होता. शेवटी ते नमले, 2003 मध्ये आयपॉडमध्ये गाणी भरायचं आयट्यून्सही विंडोजवर आलं आणि त्यानंतर आयपॉडचा खप कुठच्या कुठे गेला.

आम्हीही ती सोय दोन्हीकडे खुली केली आणि त्या जोडप्याला मुद्दाम कळवलं. बाईंचं उत्तर आलं: ‘धन्यवाद, पण आता वहीच बरी पडते. तोही त्यातच लिहितो.’