आमची वाटचाल : एका टेबलावर तीन पुस्तकं

आम्ही पुस्तकांसाठी चित्रं काढतो. आमच्या हातून किती पुस्तकं झाली याचा आकडा इथे देत नाही. आकडा दिला की लोक कपाटात शोधायला जातात आणि त्यांना आमचं नाव सापडत नाही. लेखक मुखपृष्ठावर, प्रकाशक कण्यावर, आणि आम्ही हक्कांच्या पानावर, आयएसबीएनच्या खाली, मुंगीएवढ्या टायपात. कधी तिथेही नाही. मुलं मात्र पुस्तक मागतात ते चित्रावरून. ‘ते लाल छत्रीवालं द्या’ म्हणतात. अमुक लेखकाचं द्या असं म्हणणारं मूल मला अजून भेटायचं आहे.

स्टुडिओ आम्ही दोघांनी सुरू केला. चित्रं माझी, मांडणी भागीदाराची. त्याच्यासारखी डमी बांधणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. ३२ पानांचं गोष्टीचं पुस्तक म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे (छापून दुमडायचे कागद). त्यातून शीर्षकाचं पान, हक्कांचं पान वगैरे गेलं की गोष्टीला उरतात बारा-तेरा, फार तर चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या. लेखकाने रामायण लिहून दिलं तरी जोडपानं तेवढीच. हा गडी रद्दी कागद दुमडून, स्टेपल मारून, मजकुराच्या पट्ट्या चिकटवून पुस्तक हातात द्यायचा आणि म्हणायचा, “उलट. वाघ दिसायच्या आधी पान उलटायला हवं. दिसल्यावर उलटून काय उपयोग?” शिवणीवर बोट ठेवून सांगायचा, “अरे, हिचं नाक खड्ड्यात गेलं.” मी चिडायचो. नाक सरकवायचोही.

हत्यारं तेव्हा थोडी होती, पण निवडून घेतलेली. रेषेसाठी टाक आणि वॉटरप्रूफ काळी शाई. वॉटरप्रूफ नसेल तर वरून जलरंग फिरला की रेषा रडते. रंगासाठी कोलिन्स्की या सायबेरियन वीझलच्या शेपटीच्या केसांचा सहा नंबरचा ब्रश. त्याच्या पोटात पाणी भरपूर राहतं आणि टोक तरीही सुईसारखं येतं, त्यामुळे आभाळ आणि पापणी एकाच ब्रशने होतात. कागद ३०० जीएसएम जाडीचा, हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत. दाणेदार कागद प्रदर्शनाला छान. पुस्तकासाठी स्कॅन करताना त्या दाण्यांच्या सावल्या येतात आणि बाळाच्या गालावर देवीचे व्रण उमटतात. मास्किंग फ्लुइडमध्ये (कागद पांढरा राखायला लावायचा रबरासारखा द्रव, ब्रशचे केस चिकटवून टाकतो) चांगला ब्रश बुडवणाऱ्याला मी आजही स्टुडिओत उभं करत नाही. चित्र गिरवायचा लाइट बॉक्स आम्ही घरीच केला होता : दुधी काच, खाली ट्यूब, बाजूला लाकडी फळ्या. तापायचा फार. अजून आहे.

पुढे टॅब्लेट आला, स्टायलस आला, लेयर आले. प्रकाशकांना वाटलं आता काम निम्म्या वेळात होणार. तसं होत नाही. कागदावर निर्णय घ्यावाच लागतो, पडद्यावर तो पुढे ढकलता येतो. चौदा निळे करून पाहतो आणि शेवटी पहिलाच ठेवतो, एवढाच फरक.

मधली काही वर्षं चांगली गेली. कामं आली, दिली, पैसे आले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते त्या एका वर्षाबद्दल. टेबलावर तीन पुस्तकं होती. एक शालेय विज्ञानाचं, एक मुलांचं रंगीत चित्रपुस्तक, आणि एक किशोरांसाठीची कादंबरी, आत काळ्या-पांढऱ्या रेखाचित्रांची. तीन कामं एका वेळी घेतली यात वावगं काही नाही. एकाच पुस्तकावर जगणारा चित्रकार मी तरी पाहिलेला नाही. शिवाय कागदावर वेळापत्रक चोख होतं. विज्ञानाचे रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं, तज्ज्ञांकडे असताना चित्रपुस्तक रंगवायचं, चित्रपुस्तक प्रूफला (छपाईच्या नमुन्याला) गेलं की कादंबरीची रेषा. एकाची वाट पाहण्याची वेळ ती दुसऱ्याची कामाची वेळ. आमचा सगळा धंदा याच हिशेबावर चालतो.

पण वेळापत्रक आम्ही एकटेच पाळतो. चित्रपुस्तकाच्या लेखकाला शेवट पटेना, संहिता येता येता ऋतू बदलला. छपाईची तारीख मात्र हलली नाही, कारण पुस्तक प्रदर्शनाची तारीख ठरलेली. उशीर त्यांचा, घाई आमची. विज्ञानवाल्या तज्ज्ञांनी रफ दाबून ठेवले आणि मग सगळे एकदम परत पाठवले. त्यांच्या दुरुस्त्यांबद्दल तक्रार नाही, त्या बरोबरच असतात. कोळ्याचे आठही पाय शरीराच्या पुढच्या भागातून निघतात, पोटातून नाही. चिमणीची तीन बोटं पुढे आणि एक मागे, पोपटाची दोन पुढे आणि दोन मागे. हे आम्ही रफमध्ये काढलेलंच होतं. त्यांना कोळी उजवीकडून डावीकडे जायला हवा होता. का, ते कुणी सांगितलं नाही. आणि त्याच सुमारास कादंबरीच्या प्रकाशकाने डेमी हा उभा आकार सोडून पुस्तक जवळजवळ चौकोनी करायचं ठरवलं. “चित्रं थोडी ताणून घ्या ना,” असा फोन आला. उभ्या पानासाठी रचलेलं चित्र चौकोनात ताणलं की माणसं जाडी होतात. रेषा पुन्हा काढावी लागते, आणि १२०० डीपीआयला पुन्हा स्कॅन.

तिन्ही पुस्तकं एकाच टप्प्यावर, एकाच टेबलावर आली. पैसे? तिघांचेही ‘प्रकाशनानंतर’. म्हणजे काम आम्ही पूर्ण करायचं, मग ते त्यांच्या सोयीने छापणार, मग हिशेब. त्यातलं एक पुस्तक कागदाचा भाव चढला म्हणून पडून राहिलं, त्याबरोबर आमचं मानधनही. भागीदार त्याच वर्षी जाहिरात कंपनीत नोकरीला लागला. त्याच्या घरी पगाराची गरज होती. त्याला दोष देत नाही. (थोडा देतो.)

तरीही चित्रपुस्तक वेळेत दिलं. आता मुख्य गोष्ट. त्या पुस्तकातली मुलगी आम्ही घडवली. लेखकाच्या मजकुरात ती फक्त ‘मुलगी’ होती. डावखुरी असणं, एक मोजा खाली घसरलेला, हसताना डोळे पूर्ण मिटणं, हे सगळं आमचं. तिचा कॅरेक्टर शीट केला : समोरून, बाजूने, पाठीमागून, रागावलेली, झोपलेली. पुस्तक चाललं. दुसरा भाग निघणार असं कळलं तेव्हा आम्ही मनात जोडपानं आखायलाही घेतली होती.

दुसरा भाग दुसऱ्या एका स्टुडिओला गेला. नाव घेत नाही. आमच्यापेक्षा कमी पैशात आणि निम्म्या मुदतीत देतो म्हणाले. त्याचं दुःख कमी, धंदा आहे. पण आमचा कॅरेक्टर शीट प्रकाशकाने उचलून त्यांच्या हाती दिला, आणि त्यांनी आमच्याच चित्रांतल्या मुद्रा उचलल्या, काही तर चक्क आरशासारख्या उलट्या करून. त्यामुळे तिचा भांग एका पानावर डावीकडे, पुढच्या पानावर उजवीकडे. आणि ती उजव्या हाताने लिहायला लागली. मोठ्यांच्या लक्षात आलं नाही. एका वाचक मुलाने प्रकाशकाला पत्र लिहून विचारलं की तिचा डावा हात दुखतो का. ते पत्र प्रकाशकाने मला गंमत म्हणून दाखवलं!

करारात ‘कामाचे सर्व हक्क’ अशी ओळ होती. साहित्य आणि कलाकृतींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६चा. निर्मात्याचं नाव लागावं आणि कृतीची बदनामीकारक मोडतोड होऊ नये हा नैतिक हक्क त्यात १९२८च्या रोमच्या दुरुस्तीत आला. आर्थिक हक्क विकून टाकले तरी हा हक्क निर्मात्याकडे राहतो, असं त्यात लिहिलं आहे. तिथे लिहिलेलं टेबलावर उतरवायचं तर वकील लागतो, आणि आमच्याकडे त्या वर्षी नव्या ब्रशचेही पैसे नव्हते. तेव्हापासून करारात कॅरेक्टर शीटचं कलम वेगळं असतं. तुम्हीही घाला. पात्र पुढच्या भागात वापरायचं तर आधी आम्हाला विचारायचं, आणि दुसऱ्याने काढलं तर ‘मूळ पात्ररचना’ म्हणून आमचं नाव. प्रकाशक कुरकुरतात, सही करतात.

स्टुडिओ बंद झाला नाही तो एका संपादक बाईंमुळे. छोटी प्रकाशनसंस्था, मोजकी पुस्तकं. त्यांनी जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांची मुखपृष्ठं दिली, आणि पैसे तीन हप्त्यांत : करारावर, रफ पसंत झाल्यावर, फायनल दिल्यावर. छपाईशी संबंधच नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, “बाई, पुस्तक निघालंच नाही तर?” त्या म्हणाल्या, “न निघणं हा माझा प्रश्न आहे. तुम्ही तर चित्र काढलंत ना?”

दुरुस्ती सांगायचीही त्यांची पद्धत वेगळी. इतर लोक ‘हात वर घ्या, टोपी निळी करा’ सांगतात. बाई म्हणणार, “हा मुलगा घाबरलाय असं मजकूर म्हणतो. मला तो कंटाळलेला दिसतो.” मग हात कुठे घ्यायचा ते मी बघतो. आणि प्रूफ दाखवल्याशिवाय त्या छापत नाहीत. १८६५ साली चित्रकार जॉन टेनिएलला आपल्या चित्रांची छपाई पसंत पडली नाही म्हणून ‘ॲलिस इन वंडरलँड’ची पहिली आवृत्ती मागे घेतली गेली होती. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा छापून आलेलं पुस्तकच येतं. अल्ट्रामरीन निळा कागदावर पेटलेला दिसतो, पण चार रंगांच्या छपाईत तो तेज हरवून जांभळट होतो. फ्लुओरोसंट गुलाबी तर स्कॅनरलाच नीट पकडता येत नाही. हे आधी ठाऊक असलं तर रात्रीचं आभाळ वेगळ्या निळ्याने रंगवता येतं. बाईंच्या पुस्तकातलं आभाळ रात्रीचंच दिसतं.

नव्याने या कामात येणारी मुलं विचारतात (न विचारणाऱ्यांनाही सांगतो) की एका वेळी किती पुस्तकं घ्यावीत. पुस्तकं मोजू नका, टप्पे मोजा. एक रफमध्ये, एक रंगात, एक प्रूफवर, असं असेल तर तीन जमतात. दोन पुस्तकं एकाच वेळी रंगात असतील तर दोनही जास्त. माध्यमंही वेगळी ठेवा. दोन्हीकडे जलरंग आणि दोन्हीकडे लहान मुलं असली की या पुस्तकातला भाऊ त्या पुस्तकात जन्माला येतो, चेहरे पाझरतात. माझ्याकडे एक पुस्तक शाईत, एक जलरंगात, एक पडद्यावर. प्रत्येकाची पॅलेट वेगळी, आणि रंगाच्या पट्टीवर पिगमेंटचा कोड लिहिलेला, कारण रंगाच्या ट्यूबवरचं नाव कंपनीगणिक बदलतं, ‘पीबी २९’ (अल्ट्रामरीनचा कोड) बदलत नाही. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन हिरवे सकाळी एकमेकांना ओळखत नाहीत.

आणि पान एकपासून रंगवायला बसू नका. पहिली दोन-तीन जोडपानं हात बसेपर्यंत ताठ येतात, शेवटची घाईत होतात. मधून सुरुवात करा. मुखपृष्ठ आणि पहिलं पान हात पूर्ण मोकळा झाल्यावर, कारण दुकानात लोक तेवढंच बघतात. दुरुस्तीच्या फेऱ्या करारात आकड्याने लिहा : रफवर दोन, रंगावर एक. त्यानंतरच्या फेरीचे पैसे. हे लिहिलं की ‘कोळी उलटा फिरवा’ म्हणणारे आधी विचार करतात.

त्या मालिकेचा चौथा भाग निघतोय म्हणे. मध्यंतरी त्याच प्रकाशकाचा फोन आला, ‘मूळ हात’ हवाय म्हणाले. अटी पाठवल्या : मुखपृष्ठावर नाव, तीन हप्ते, मुलगी डावखुरी. पहिल्या दोन मान्य आहेत. तिसरीवर ते म्हणतात, मधल्या भागांत ती उजव्या हाताने लिहिते, आता वाचक गोंधळतील. बोलणी चालू आहेत.

सध्या रंगाच्या टप्प्यावरची जागा भरलेली आहे. रफ घेता येतील. संहिता पूर्ण असेल तरच पाठवा, आणि पुस्तकाचा आकार आधी ठरवा.